इतक्या दुरुस्त्या सभागृहाने ऐकल्या केव्हा?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ग्रामसभेच्या प्रशिक्षणासाठी जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: घटनेच्या मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या, त्या सगळ्या संविधान सभेने ऐकल्या तरी केव्हा?

सगळ्या ऐकल्या नाहीत, आणि तरीही कोणाचे तोंड दाबून काम उरकले असे झाले नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेब दिला आहे: सूचना सुमारे 7,635 आल्या, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या 2,473. दुरुस्त्या आधीच लेखी घेऊन अनुच्छेदवार छापल्या जात, त्यामुळे सारख्याच आशयाच्या चार असल्या की एक मांडली जाई आणि बाकीचे सदस्य आपली मागे ठेवत. स्वल्पविरामाच्या, शब्दफेराच्या सूचना बऱ्याचदा मसुदा समितीवर सोपवल्या जात. उरलेल्यांवर चर्चा होई आणि मत घेतले जाई. नुसत्या मसुद्याच्या विचाराला 114 दिवस लागले.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी पक्षशिस्तीला न जुमानता प्रश्न उभे करणाऱ्या सदस्यांची नावे घेतली, त्यांत आमच्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख आहेत. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, असे ते म्हणाले. हा भाग मी प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवतो.

दुरुस्तीचा उपयोग केवळ अडवणुकीसाठी झाला, तर गोष्ट वेगळी. इटलीच्या सिनेटमध्ये 2015 मध्ये एका सदस्याने संगणकाकडून 8 कोटींहून अधिक दुरुस्त्या तयार करवून घेतल्या; अध्यक्षांनी त्या अग्राह्य ठरवल्या, ते योग्यच झाले. पण गठ्ठा मोठा दिसला की तो सगळाच अडवणुकीचा समजायचा, ही सवय मला घातक वाटते.

मागच्या वर्षी एका गावात विकास आराखड्यावर 43 चिठ्ठ्या आल्या. सरपंच त्या एकगठ्ठा नामंजूर करायला निघाले होते. ग्रामसेवक आणि मी त्या सतरंजीवर बाबीनुसार लावल्या. 19 एकट्या पांदण रस्त्याच्या निघाल्या, मुरूम कोणत्या टोकापासून टाकायचा एवढाच फरक. त्या शेतकऱ्यांनी आपसांत बोलून एकच ठेवली. तळाशी वहीच्या फाटक्या पानावर एका बाईची ओळ होती: ‘शेतकऱ्यांसाठी फवारणी सुरक्षा शिबिर’ याऐवजी ‘शेतकरी व फवारणीच्या मजुरांसाठी’ असे लिहावे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांबरोबर मजूरही दगावले होते, आणि आराखडा तयार करताना आम्हा कोणालाच मजूर आठवला नव्हता.

ती चिठ्ठी स्वतंत्र वाचली गेली. हात मोजले, दुरुस्ती मंजूर झाली, आणि ग्रामसेवकाने तिथेच बसून ते शब्द इतिवृत्तात लिहिले.