तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या टाटा चारशेसात ट्रकला एलईडी का नाही

बेळगावच्या एपीएमसीत भाजी भरताना, कणकुंबीला चहासाठी थांबल्यावर, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा हाच प्रश्न येतो: "अहो, सगळ्यांनी हेडलाईटला एलईडी बसवले, तुम्ही अजून पिवळ्या उजेडावर का?" पैसे नाहीत म्हणून नव्हे. एलईडी बल्बची जोडी आता टाकीभर डिझेलपेक्षा स्वस्त मिळते. पोलिसांना भिऊनही नव्हे, निदान तेवढ्याचसाठी नव्हे. एकदाच नीट सांगतो.

कायद्याचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडीवर केसेस घालायला सुरुवात केली. आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला एफसी, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, दरवर्षी. एफसीच्या आदल्या दिवशी जुने बल्ब घालायचे आणि परत आल्यावर एलईडी, असं करणारे मला चांगले माहीत आहेत. मला ते जमणार नाही.

खरं कारण काचेच्या आत आहे. हॅलोजनचा एच४ बल्ब हातात घेऊन बघा. आत दोन तारा असतात आणि डिपरच्या, म्हणजे खाली झुकलेल्या झोताच्या, तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड वर उसळतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. ती वाटी तो तिथे पोचण्याआधीच अडवते. सगळा रिफ्लेक्टर त्या केसाएवढ्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. बाजारातल्या एलईडी बल्बात चिप त्याच जागी, त्याच आकाराची क्वचितच बसते. मग उजेड पसरतो. चालवणाऱ्याला वाटतं लख्ख पडलं, कारण गाडीसमोरचा डांबराचा तुकडा चमकतो. लांबचं तेवढंच दिसतं, कधी कमीच. चोर्ला घाटाच्या धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

आता ते, जे मी सहसा सांगत नाही.

ऊसाचा हंगाम होता, निपाणीहून चिकोडीकडे येत होतो. धाकटा भाऊ शेजारी बसला होता. समोरून एक ट्रक आला, बंपरवर एलईडीची पट्टी आणि शिवाय अप्पर, म्हणजे लांबच्या झोताची, लाईट. मी डिपर मारला, पुन्हा मारला. त्यानं उतरवली नाही. मी पाय उचलला होता, गाडी तिसऱ्या गिअरात होती, डावीकडे जास्त दाबावी तर साईडपट्टी खचलेली. तो पुढे गेला आणि डोळ्यांसमोर काहीच उरलं नाही. त्या काळोखातून एकदम काचेच्या उंचीवर उसाची बुडखी दिसली. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा होता. मागे दिवा नाही, लाल पट्टी असेल तर ती लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेली. डावी बाजू आत गेली. काच फुटून ऊस केबिनमध्ये घुसला आणि भावाचा गुडघा डॅशबोर्डखाली अडकला. ट्रॅक्टरवाल्यानं कोयता आणला, आम्ही एकेक ऊस तोडून बाहेर ओढत होतो. डावी हेडलाईट फुटली नव्हती. ती उसाच्या मोळीत घुसून तशीच जळत होती आणि आतून सगळा ऊस पिवळा दिसत होता. भाऊ ओरडत नव्हता, एवढंच म्हणत होता, "दादा, आधी गाडी बंद कर."

त्याचा गुडघा आजही पूर्ण वाकत नाही. त्या ट्रकवाल्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आणि एलईडी बसव म्हणून सगळ्यात जास्त मागे लागतो तो हाच भाऊ. तो म्हणतो, "त्याच्याकडे उजेड होता म्हणून तो घरी पोचला. आपल्याकडे असता तर ट्रॉली आधीच दिसली असती." मी म्हणतो, ट्रॉली त्याच्या झोतातच बुडाली होती. पण भावाचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. गाडी दुरुस्त करताना मिस्त्रीनं मीटर लावून दाखवलं: बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर जेमतेम अकरा. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून फिरून जात होता, अर्थिंगच्या बोल्टला गंज. तेव्हाचा मी म्हणायचो, वायरिंग कंपनीचं आहे, त्याला हात लावायचा नाही. आजचा मी त्याच्याशी भांडतो. तोही अगदीच चुकीचा नव्हता, कारण अर्धवट मिस्त्रीनं जोडलेल्या वायरी पेटलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून मी जे केलं ते एवढंच. डिपर आणि अप्परला वेगळे रिले, म्हणजे बल्बचा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून न फिरवता जोडणारे स्विच, बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर, चकचकीत घासलेली अर्थिंग, नवे रिफ्लेक्टर. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचा. शंभर वॅटचा घेतला नाही, तोही बेकायदाच, शिवाय सॉकेट वितळवतो. आणि फोकस माल भरल्यावर लावून घेतो. वजनानं मागचा पाटा (स्प्रिंग) बसला की नाक वर होतं आणि रिकाम्या गाडीवर लावलेला डिपर थेट समोरच्याच्या तोंडावर जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की गाडीपुढे ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला उजेड दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवाल्याचं तोंड.

पुरतो का? डांबरी रस्त्यावर पुरतो. पावसात, पांढरा पट्टा पुसलेल्या वळणावर नाही पुरत, तिथे मी गाडी हळू घेतो आणि मागचे हॉर्न ऐकतो. नव्या गाड्यांना कंपनीकडूनच एलईडी येते, तिला माझा विरोध नाही. तिचा रिफ्लेक्टर, लेन्स सगळं त्या चिपसाठीच घडवलेलं असतं. उद्या चारशेसातला अशी मंजुरीची अख्खी हेडलाईट मिळाली, तर आरटीओत कागद करून पहिली मीच बसवीन. भाऊ म्हणतो, तोपर्यंत गाडी भंगारात जाईल. जाईलही.