शेडमधल्या टाटा-मर्सिडीजचे इंजिन

जमशेदपूरच्या कारखान्यात 1954 पासून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने जे ट्रक तयार होऊ लागले, त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. 1969 मध्ये तो करार संपला आणि तारा गेला. कराडजवळच्या एका गावात ऊस आणि गूळ वाहून थकलेला असा एक 312 मॉडेलचा ट्रक शेडमध्ये वीसएक वर्षे उभा होता. मालक अण्णांच्या मुलांना तो खंडेनवमीच्या पूजेला चालू झालेला हवा होता. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरला साखळी बांधून ठेवली होती. ओढून गिअर टाकला की इंजिन फिरेलच, असा त्यांचा हिशेब होता. मी प्रथम ती साखळी सोडायला लावली.

एअर क्लीनर कोणीतरी केव्हाच काढून नेला होता. इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या वाटेचे, तोंड उघडे होते आणि त्याच्या बरोबर वर पत्र्याला भोक पडले होते. डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले, सिलिंडरांमध्ये डिझेल आणि ऑइलचे मिश्रण सोडले आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हळूहळू जोर दिला, तेव्हा इंजिन कुरकुरत फिरले आणि एका नोझलच्या भोकातून तांबूस, गढूळ पाणी बाहेर आले. पाणी दाबले जात नाही. नोझल जागेवर असताना ट्रॅक्टरने गाडी ओढली असती तर त्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलाच असता. अण्णा ते पाणी बघत राहिले, मुले मात्र ट्रॅक्टर घेऊन निघून गेली.

तरीही माझी खरी काळजी डिझेल पंपाची होती. या इंजिनाच्या पंपावर वेग आवरणारा, हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो: इनटेकमधील व्हॅक्यूम एका नळीने चामड्याच्या डायफ्रामपर्यंत, म्हणजे पडद्यापर्यंत, येतो आणि स्प्रिंगच्या विरुद्ध रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी, मागे ओढून डिझेल कमी करतो. चामडे वाळून चिरले, किंवा रॅक गंजून जाम झाला, तर पंप पूर्ण डिझेल देत राहतो आणि इंजिन सुटते, म्हणजे त्याचा वेग आवरेनासा होतो. मग चावी बंद करून काही उपयोग होत नाही. म्हणून पंपाची बाजूची झाकणी उघडली. रॅक खरोखरच चिकटलेला होता. रॉकेल घालून तो बोटाने सरकेल इतका मोकळा केला. नंतर रॅक मागे ओढून नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि रॅक सोडला. डायफ्राम शाबूत असता तर रॅक तिथेच थांबला असता, पण तो लगेच पुढे धावला. मिरजेहून नवीन चामडे आणून बसवले. जुन्या डायफ्रामला तेल लावून काम भागवणारे पुष्कळ आहेत. मला ते कधीच पटलेले नाही.

जुने ऑइल काढून नवीन भरले, टाकी बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलचा डबा जोडला आणि नोझल न लावता, डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून, काटा ऑइल प्रेशर दाखवेपर्यंत सेल्फ मारला. मगच नोझल बसवले आणि लायनीतील हवा काढली. थंड इंजिन चालू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे हीटर प्लग एकामागोमाग एक जोडलेले असल्याने एक जळाला तरी सगळेच थंड राहतात. त्यातले दोन बदलावे लागले.

सेल्फ मारण्यापूर्वी मदतनिसाच्या हातात एक जाड फळी दिली आणि इंजिन सुटलेच तर हवा बंद करायला त्याला इनटेकच्या तोंडापाशी उभे केले. हीटर प्लग तापल्याचे दाखवणारी डॅशवरील तार लाल झाली, सेल्फ फिरला, पांढऱ्या धुराने शेड भरली आणि चार सिलिंडर पेटताच इंजिनाचा आवाज एकदम चढला. फळी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात व्हॅक्यूमने रॅक मागे ओढला आणि इंजिन आयडलवर बसले. पाणी शिरलेला सिलिंडर बराच वेळ धूर ओकत राहिला. त्याच्या रिंगा बघण्यासाठी हेड उतरवावे लागेल, हे अण्णांना तेव्हाच सांगितले. ब्रेकला अजून कोणी हात लावलेला नव्हता, त्यामुळे गाडी बाहेर काढू दिली नाही. मुलांनी नाराजीने का होईना, पण चालू इंजिनासमोर शेडमध्येच नारळ फोडला.