हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ शोधताना: प्रशिक्षणाचे पाच दिवस

मालवणहून निघताना आई म्हणाली, "प्रवाळ शिकायला मुंबईला कशाला? आपल्याकडे किल्ल्याभोवती काय कमी आहेत?" प्रश्न रास्तच होता. उत्तर मिळायला चौथा दिवस उजाडावा लागला.

प्रवाळांचे तुकडे खडकांवर चिकटवून ते पुन्हा वाढवायचे कसे, याचं प्रशिक्षण अंधेरीत होतं. आम्ही वीसेकजण: वनखात्यातले, मत्स्यव्यवसायातले, दोन-तीन पीएचडीवाले. पहिले दोन दिवस सगळं वर्गात. त्यातलं तापमानाचं गणित मात्र डोक्यात पक्कं बसलं. एखाद्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी धरायची. पाणी तिच्यापेक्षा एक अंश जास्त तापून चार आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ पांढरे पडू लागतात. ताण त्याच्या दुप्पट झाला, की मरू लागतात. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरात चौथ्यांदा असं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज तुकडे चिकटवून आलात आणि मे महिन्यात पाणी तापलं, तर सगळी मेहनत पाण्यात. जागा निवडताना तिथलं जुनं तापमान आधी बघायचं, हे दोन दिवसांत किमान दहा वेळा ऐकलं.

तिसरा दिवस हातकामाचा. सगळ्या कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 चं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय जिवंत तुकड्याला हात लावायचा नाही. आम्हाला टाकीत सिमेंटचे गोळे आणि शिंपले दिले. दोन भागांचं इपॉक्सी (एकत्र मळल्यावर घट्ट होणारा गोंद) मळायचं, तारेच्या ब्रशने दगड घासायचा, तुकडा दाबून धरायचा. मी दगड वरवर घासला होता. सकाळी सगळ्यांचे तुकडे जागच्या जागी, माझा टाकीच्या तळाशी. दगडावर शेवाळाचा पातळ थर राहिला तर गोंद शेवाळाला धरतो, दगडाला नाही. आणखी एक: मळलेलं इपॉक्सी हातात घेऊन गप्पा मारू नका, ते मुठीतच दगड होतं.

चौथ्या दिवशी हाजी अली. माघी पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, हे आजोबांचं गणित: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी सव्वापाचच्या सुमारास. तक्त्यात पावणेसहा निघाली. आजोबा अर्ध्या तासाने चुकले, तेवढं चालतं. तरीही छापील तक्ता जवळ ठेवाच. ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर पोहोचा, आणि पाणी फिरलं की शेवटचा फोटो न काढता मागे या.

पहिली वीस मिनिटं मला काहीच दिसलं नाही. हिरवट चटई दिसली, आनंद झाला, तर ते झोअँथिड निघाले, म्हणजे प्रवाळांसारखे दिसणारे पण दगडी सांगाडा नसलेले जीव. मग कपारीत, काळसर अंगावर पांढरट चांदण्या असलेला, अंगठ्याएवढा ठिपका: हाच प्रवाळ. मालवणला इतकी वर्षं पाण्यात उतरून मी असल्या ठिपक्यावर पाय ठेवून पुढे गेलो असेन. 2020 साली कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या असल्याच वसाहती काढून दुसरीकडे लावल्या होत्या. एवढ्याशा ठिपक्यांसाठी परवानग्या, मोजमाप, पुन्हा जाऊन पाहणी, एवढं सगळं. गढूळ पाण्यात, गाळाखाली, शहराच्या सांडपाण्याशेजारी जे तगतं ते बघायलाच मुंबई, हे आईला सांगायचं उत्तर. निवळ पाण्यातले प्रवाळ जगवण्याची पद्धत इथे आहे तशी चालणार नाही, आणि इथली तिकडे नाही.

जाणाऱ्यांसाठी: चप्पल नको, जाड तळाचे कॅनव्हास बूट घ्या, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार चपलेतून पाय कापते. अंधेरीहून महालक्ष्मीला जाताना फास्ट पकडू नका, ती तिथे थांबत नाही. परतीला आठच्या सुमारास विरारकडे जाणाऱ्या गर्दीत ओले बूट आणि बादली घेऊन चढणं हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. मी दोन गाड्या सोडल्या. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, फोटोत मापाला ठेवायची प्लास्टिकची पट्टी घ्या.

पाचव्या दिवशी प्रत्येकाने आपल्या किनाऱ्याचा आराखडा मांडला. बहुतेकांनी किती तुकडे लावणार ते लिहिलं. सरांनी प्रत्येकाला एकच विचारलं: आठवड्याने, महिन्याने आणि पावसाळ्यानंतर बघायला कोण जाणार, आणि त्याच्या होडीचं भाडं कोण देणार? अर्ध्या आराखड्यांत त्याचा रकानाच नव्हता. माझ्याही नव्हता. कोकणकन्येत बसल्यावर तो घातला, आणि तुकड्यांची संख्या निम्म्यावर आणली.