गुश्ताबा: वाझ्यांच्या चुलाणापाशी एक दिवस

पुण्यातील ज्या हॉटेलचा मुदपाकखाना मी सांभाळतो, तेथे काश्मिरी पदार्थांचा महोत्सव भरवण्याचे ठरले, तेव्हा वाझवान, म्हणजे काश्मिरी लग्नातले अनेक पदार्थांचे शाही जेवण, जिथे खरोखर रांधले जाते तिथे जाऊन ते पाहण्याची परवानगी मी मागून घेतली. श्रीनगरच्या जुन्या शहरात वाझापोरा नावाची वस्तीच आहे. लग्नाचे जेवण रांधणाऱ्या वाझा घराण्यांची ती जागा. त्यांपैकी एका वस्ता वाझांनी, म्हणजे प्रमुख आचाऱ्यांनी, मला एका लग्नघरी सोबत नेले.

घरामागच्या अंगणात लांबलचक चुलाण मांडले होते. फळझाडांची लाकडे पेटली होती आणि त्यांवर कल्हईच्या तांब्याच्या देगा रांगेने चढल्या होत्या. थाटाच्या वाझवानात 36 पर्यंत पदार्थ असतात आणि त्यांतले बहुतेक मेंढीच्या मांसाचे. कोणता भाग कोणत्या पदार्थाला जायचा हे मांस कापतानाच ठरते: बरगड्या तबक माझला, पोटाचे बारीक तुकडे मेथी माझला, आणि मांडीचे शिरा-पडदे काढलेले मांस रिस्ता व गुश्ताबा यांना. कुटलेल्या मांसाचे गोळे रश्श्यात शिजवून केलेल्या या शेवटच्या दोन पदार्थांनी माझा सगळा दिवस व्यापला.

सपाट दगडावर मांसाचा गोळा आणि हातात जड लाकडी हातोडा, एवढीच सामग्री. मांस त्याच दिवशीचे, अजून कोमट. दोघे जण समोरासमोर बसून एका लयीत घाव घालत होते. मध्येच एक जण बोटांनी गोळा चाचपून पांढरा तंतू ओढून काढी आणि बाजूला टाकी. मग चरबी, मीठ, मसाला वेलचीचे दाणे पडले आणि पुन्हा कुटणे सुरू झाले. हळूहळू त्या मांसाला पुरणपोळीच्या तिंबलेल्या कणकेसारखी ताण येऊ लागली. त्यात अंडे नाही, बेसन नाही, पाव नाही. ताज्या मांसातील प्रथिने मिठामुळे सुटी होतात आणि तीच चरबीला धरून ठेवतात. यंत्राचे पाते मात्र तंतू तोडते आणि घर्षणाने मांस तापवते, मग चरबी सुटते आणि गोळा शिजताना भुसभुशीत होतो. हे शास्त्र मला ठाऊक होते, पण ते हाताखाली घडताना मी प्रथमच पाहत होतो. वस्तांनी एक लहानशी गोळी उकळत्या रश्श्यात टाकली, थोड्या वेळाने बाहेर काढून बोटांत दाबली, ती परत फुगली, आणि त्यांनी मान डोलावली. त्यांच्या परवानगीवाचून एकही गोळा वळला गेला नाही.

रिस्त्याच्या गोळ्यांना लाल रंग देण्यासाठी मावलाची, म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या फुलाची, वाळलेली फुले पाण्यात उकळून ठेवली होती. गुश्ताब्याचे गोळे मोठे आणि त्यांचा रस्सा दह्याचा. दही फाटू नये म्हणून एक तरुण वाझा उकळी फुटेपर्यंत एकसारखा ढवळत राहिला. कोणी हाक मारली तरी त्याने वळून पाहिले नाही.

संध्याकाळी निरोप आला की वरात पावसात अडकली आहे आणि बराच उशीर होईल. आमच्याकडे अशा वेळी सगळेच मंद आचेवर ठेवून दिले असते. वस्तांनी मात्र प्रत्येक देगेचा वेगळा निर्णय केला. रोगन जोश निखाऱ्यांवर राहू दिला, तबक माझच्या शिजलेल्या बरगड्या तुपात तळायचे थांबवले, आणि गुश्ताब्याचे गोळे दह्याच्या रश्श्यात न सोडता मांसाच्या नुसत्या उकळलेल्या पाण्यात ठेवले, कारण दह्यात जास्त वेळ राहिले तर त्यांची लवचीकता जाते, असे ते म्हणाले. वरात दारात आली तेव्हा तळणे सुरू झाले.

मग आत तश्त-नारीने, म्हणजे फिरवत आणलेल्या तस्त आणि झारीने, हात धुण्याचा विधी झाला. दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या कापडावर, एकेक त्रामी, म्हणजे मोठे सामाईक ताट, ठेवली गेली: भाताचा ढीग, त्यावर सीख कबाब, मेथी माझ आणि तबक माझ, आणि एका ताटाभोवती चार जण. पुढचे पदार्थ वाझे स्वतः देगेतून आणून वाढतात, प्रत्येकाचे तुकडे मोजून चौघांत सारखे. माझ्या डोळ्यांसमोर एका ज्येष्ठ पाहुण्यांनी आपल्या वाट्याचा मोठा तुकडा शेजारच्या तरुणाच्या बाजूला सरकवला. गुश्ताबा शेवटी येतो आणि तो नाकारणे यजमानाचा अपमान समजला जातो. पोट भरलेले पाहुणेही त्याचा घास घेत होते, आणि उरलेले मांस पिशवीत बांधून घरी नेत होते.

पुण्याला परतल्यावर मी व्यवस्थापनाला लेखी कळवले की रोगन जोश, धनिवल (कोथिंबिरीचा) कोरमा आणि तबक माझ आम्ही करू शकतो, परंतु दगड, हातोडा आणि कुटणारी दोन माणसे नेमल्याशिवाय गुश्ताबा यादीत छापू नये. ती मंजुरी मिळाली. आता आमच्याकडे गुश्ताबा फक्त आगाऊ मागणीवर होतो, आणि त्या दिवशी मांस पहाटेच येते.