निळी पडलेली पावडर

मंगळवारी दुपारी एम.एस्सी.ची एक मुलगी बीकर घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, माझं बिघडलं." पॉलिअॅनिलीन या प्लास्टिकसारख्या पदार्थाची पावडर हिरवी हवी होती, ती निळी पडली होती.

हा प्रयोग मी गेली सोळा वर्षं करून घेते. बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये अॅनिलीन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, त्यात अमोनियम परसल्फेट थेंब थेंब सोडायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मुलं चुळबुळ करायला लागतात. मग कुठूनतरी निळसर छटा उतरते आणि बघता बघता सगळं गडद हिरवं होतं, पालक वाटल्यासारखं दाट. ते गाळायचं, आम्लानं धुवायचं, वाळवून तिची पेलेट, म्हणजे छोटी चकती, दाबायची आणि मल्टीमीटर लावायचा. प्लास्टिकच्या जातकुळीतल्या पदार्थातून वीज वाहते, हे आकड्यात दिसतं तो क्षण मला अजूनही आवडतो.

या मुलीनं पावडर आम्लाऐवजी अमोनियानं धुतली होती. दोन्ही वॉश बॉटल शेजारी शेजारी होत्या आणि अमोनियाच्या बाटलीवरचं लेबल पुसलं गेलं होतं. ते लेबल जूनमध्ये मीच लिहिलं होतं, साध्या पेननं.

मला जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावा आठवले. 1967 साली टोकियोत हिदेकी शिराकावा अॅसिटिलीनपासून पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, करत होते. त्यांच्याकडे आलेले कोरियन संशोधक प्यून यांनी तो प्रयोग केला, तेव्हा नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चमकदार पापुद्रा तयार झाला. उत्प्रेरक हजारपट जास्त पडला होता. मिलिमोलच्या जागी मोल! ही गोष्ट 'पाहुण्याची चूक आणि नोबेल' अशी सांगितली जाते, ते मला पटत नाही. शिराकावांनी स्वतः नोबेल व्याख्यानात सांगितलंय की सूचना लिहिताना कदाचित माझ्याकडूनच तो 'मिलि' राहिला असेल, किंवा पाहुण्यांनी चुकीचं वाचलं असेल. तेहतीस वर्षांनी, जगासमोर, आधी स्वतःकडे बोट.

आणि चुकीनं नोबेल मिळत नाही. तो पापुद्रा त्यांनी फेकला नाही, तो मुद्दाम आणि नीट कसा करायचा हे पुढे वर्षानुवर्षं बसवलं. 1975 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अॅलन मॅकडायर्मिड टोकियोला आले. त्यांच्याकडे सोनेरी दिसणारं गंधक-नायट्रोजनचं पॉलिमर होतं, शिराकावांकडे हे चंदेरी. पुढच्या वर्षी शिराकावा पेनसिल्व्हेनियाला गेले. तिथे अॅलन हीगर या भौतिकशास्त्रज्ञासोबत त्यांनी पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली, तर वाहकता जवळजवळ एक कोटीपट वाढली. 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

ब्रोमीन काय करतं, ते मी वर्गात एसटीवरून सांगते. गाडी इतकी खच्चून भरली आहे की मधल्या वाटेत कुणाला पाऊल हलवता येत नाही. पुढच्या दारातून एक माणूस उतरतो. त्याच्या जागी मागचा सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि ती रिकामी जागा पार मागच्या बाकापर्यंत जाते. पॉलिमरच्या साखळीत एकेरी-दुहेरी बंध आळीपाळीनं असतात. ब्रोमीन तिथून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि सरकासरकीला जागा होते. आमच्या पॉलिअॅनिलीनमध्ये हेच काम आम्ल करतं, फक्त ते इलेक्ट्रॉन काढत नाही, प्रोटॉन देतं. अमोनियानं तो प्रोटॉन ओढून घेतला की रंग निळा आणि वाहतूक बंद.

मुलीचे डोळे भरून आले होते. दोन दिवसांचं काम होतं तिचं. मी म्हटलं, टाकू नकोस, आधी याचीच पेलेट कर. मल्टीमीटरवर डावीकडे नुसता 1 आला, म्हणजे रोध मोजण्यापलीकडचा. मग उरलेल्या पावडरीवर तिनं आम्ल ओतलं. निळ्यातून हिरवं होताना तिनं शेजारच्या दोघींना हाक मारली. रात्रभर आम्लात ठेवून दुसऱ्या दिवशी मोजलं तेव्हा साडेतीनशे ओहम आले. इतक्या वर्षांत ही वाहकता जाऊन परत येताना मी कुणालाच दाखवला नव्हता. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांना दाखवणार आहे.

"जर्नलमध्ये काय लिहू, मॅडम?"

दोन्ही आकडे लिही म्हटलं, आणि कसं झालं तेही लिही. तिनं जरा थांबून लिहिलं, 'बाटलीवरचं लेबल वाचता येत नव्हतं.' मी त्याखाली सही केली.