कूलरची जाडी पिन

मार्च संपत आला की आमच्या मोहल्ल्यात कूलर गच्चीवरून खाली उतरतात अन् माझ्या खिशात टेस्टर येतो. आम्ही सात-आठ जण आहोत, अग्निशमनाची गाडी येईपर्यंत काय करायचं ते शिकलेले. एरवी लोकांना आमची आठवण गणपतीच्या मांडवात वाळूच्या बादल्या ठेवायच्या वेळीच येते. 101 कोणाच्या लक्षात नसतो, माझा मोबाइल नंबर मात्र तोंडपाठ!

14 एप्रिलला आपलं नागपूर दीक्षाभूमीकडे निघालेलं असतं, आम्हीही वाटेवर पाणी वाटतो. पण तो अग्निशमन सेवा दिनही आहे. 1944 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, आग विझवणारे 66 जवान गेले. जहाजात दारूगोळा होता अन् कापसाच्या गाठीही. कापूस आतल्या आत कसा धुमसतो, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून कूलरचं जुनं वाळलं गवत मीटरखाली कोंबलेलं दिसलं की मी आधी तेच बाहेर काढायला लावतो.

परवा एका काकूंकडे गेलो. “भाऊ, मागच्या साली चांगला चालला ना, आता काहून पाहून राहिले?” टेस्टर लोखंडी बॉडीला टेकवला, दिवा लागला. प्लग उपसला तर वरची जाडी पिन गायब. बोर्डात दोनच भोकं, म्हणून मुलानं ती पकडीनं कापलेली. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत नेणारं कनेक्शन, आधी जुळतं, काढताना शेवटी सुटतं.

काकूंवर रागावायला तोंड नव्हतं मला. बारा वर्षांमागे मीच अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून चालू कूलरमध्ये पाइपानं पाणी भरत होतो. हात चिकटला. ओरडताही येईना. बायकोनं मला हात लावला नाही, धावत जाऊन मेन स्विच पाडला. हे सुचायला डोकं लागतं, माझ्याकडे ते त्या दिवशी नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे आधी प्लग निघतो, मग पाणी. पोरं तर कूलरच्या आसपासही फिरकत नाहीत.

काकूंच्या मुलानं संध्याकाळी तीन पिनांचा नवा प्लग अन् नवा बोर्ड बसवला, मला कौतुकानं बोलावलं. पुन्हा टेस्टर लावला. पुन्हा दिवा! बोर्ड खोलला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, घराला अर्थिंगच नाही. आता वायरमन सोमवारी येतो म्हणाला आहे. तोवर काकू गच्चीवर झोपतात, अन् जिन्यात भेटल्या की माझ्याशी बोलत नाहीत.