व्हिसेरा, वर्गणी आणि पेज

रत्नागिरीला गेले की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे तू व्हिसेरा तपासतेस का गं?" टॉक्सिकॉलॉजिस्ट, म्हणजे विषतज्ज्ञ, म्हटलं की आपल्याकडे पेपरातलं ते एक वाक्य आठवतं, 'व्हिसेरा राखून ठेवला आहे'. नाही हो, माझ्याकडे मेलेली माणसं येत नाहीत. अन्नातलं, औषधातलं, प्लास्टिकमधलं काय आणि किती जिवंत माणसाला झेपतं, ते शोधायचं काम माझं. दुसरा प्रश्न थोडे खोलात शिरणारे विचारतात: "सरकारी नोकरी चांगली चाललीय ना? मग त्या सिग्मा झायच्या चॅप्टरचं अध्यक्षपद कशाला? काही मिळतं का त्यात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काही मिळत नाही. वर्गणी मीच भरते, आणि सभेच्या पिझ्झाचे पैसेही बऱ्याचदा माझेच जातात.

सिग्मा झाय ही संशोधकांची मानाची संस्था, आणि चॅप्टर म्हणजे तिची स्थानिक शाखा. 1886 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली. तेव्हा मानाची जुनी संस्था होती फाय बीटा कॅप्पा, पण तिचा ओढा साहित्य-तत्त्वज्ञानाकडे. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी आणि अध्यापकांनी मिळून आपलं वेगळं घर मांडलं. नावातली दोन ग्रीक अक्षरं ब्रीदवाक्याची: उत्साहाने संशोधन करणारे सोबती. पैसे भरले आणि सभासद झालो असं इथे होत नाही. आधीच्या सभासदांनी तुमचं काम पाहून नाव सुचवावं लागतं. विद्यार्थ्यांना संशोधनासाठी छोट्या रकमा द्यायची प्रथा 1922 पासून चालू आहे.

आमच्या चॅप्टरची सूत्रं सरकारी विषतज्ज्ञांकडे कशी आली, याचं उत्तर भौगोलिक आहे. एफडीए म्हणजे अमेरिकेचं अन्न-औषध खातं, आमचं. त्याचं नॅशनल सेंटर फॉर टॉक्सिकॉलॉजिकल रिसर्च आहे आर्कान्सा राज्यात, जेफरसनला, लिटल रॉकच्या दक्षिणेला पाइनच्या जंगलात. जागा मूळची सैन्याची. तिथे जैविक अस्त्रं बनायची. 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी तो कार्यक्रम बंद केला आणि 1971 पासून त्याच आवारात विषशास्त्र सुरू झालं. पुढे तिथे एकाच प्रयोगासाठी 24 हजारांहून अधिक उंदीर वापरले गेले, एका रसायनाच्या अगदी कमी मात्रेने किती जणांना कॅन्सर होतो ते बघायला. एवढ्या रानात इतके शास्त्रज्ञ कोंडल्यावर त्यांना चार बाहेरची माणसं भेटायला निमित्त लागणारच. विद्यापीठातले प्राध्यापक बिचारे ग्रँटच्या मागे धावत असतात. आम्हाला महिन्याचा पगार ठरलेला, शिवाय इतिवृत्त लिहायची आणि फॉर्म भरायची सवय अंगात मुरलेली. असल्या संस्थेला मोठ्या संशोधकापेक्षा वेळेवर वार्षिक अहवाल पाठवणारा माणूस जास्त लागतो.

पण सोवळं फार. चॅप्टरचं काम ऑफिसच्या वेळेत नाही, ऑफिसच्या ईमेलवरून नाही. विद्यार्थ्यांच्या बक्षिसांना पैसे हवेत म्हणून मी एखाद्या खाद्यकंपनीकडे जाऊ शकत नाही, कारण तिच्यावर आमचंच खातं देखरेख ठेवतं. हुद्दा सांगून वर्गणी मागायची तर कोणाकडेच सोय नाही. म्हणून पिझ्झा.

तरीही मी हे सोडत नाही, त्याचं कारण एका विज्ञान प्रदर्शनात आहे. चॅप्टरतर्फे आम्ही परीक्षक म्हणून जातो. एका वर्षी नववीतली एक मुलगी भात घेऊन उभी होती. अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ आर्कान्सात पिकतो, आणि हिच्या आजोबांची भातशेती. तांदळात आर्सेनिक का येतं हे तिला पाठ होतं: पाणी भरलेल्या खाचरात प्राणवायू नसतो, मातीतलं आर्सेनिक पाण्यात सुटतं, आणि भाताचं रोप ते सिलिकॉनच्या वाटेनं आत ओढून घेतं. शिवाय कुठेकुठे पूर्वीच्या कापसावर फवारलेल्या औषधांचा अंश जमिनीत राहिलेला. बाळांच्या राइस सीरियलसाठी एफडीएने 2020 मध्ये एका किलोत 100 मायक्रोग्रॅम अजैविक आर्सेनिक ही मर्यादा घातली, तेही तिने तक्त्यावर लिहिलं होतं.

तिच्या टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीत भात, दुसरीत ओतून काढलेलं पाणी, दुधट, तळाशी पिठूळ साका. भात सहा ते दहापट पाण्यात शिजवून पाणी टाकून दिलं तर अजैविक आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होतं, हा एफडीएचाच सल्ला. त्यात तोटा एवढाच की इथल्या तांदळाला वरून लावलेलं लोह आणि फोलेटही त्याच पाण्याबरोबर जातं.

मी म्हटलं, छान. पुढच्या टेबलाकडे वळणार, तेवढ्यात तिने विचारलं, "हे पाणी फेकून न देणारे लोक असतात का?"

मी थांबले. हे लोक म्हणजे आम्हीच. आजी भात वेळायची. पातेल्यावर ताट धरून, दोन फडक्यांनी कडा पकडून ती ते पाणी वाडग्यात उतरवायची. मग त्यात मीठ, वर तुपाचा थेंब. आम्ही त्याला पेजच म्हणायचो. तापातून उठलेल्याला पहिली पेज, दात नसलेल्या बाळालाही पेज. फेकायची तर बातच नाही.

ऑफिसात मी लिहिलेलं वाक्य चार जणांच्या नजरेखालून जातं, आणि जायलाच हवं, कारण ते वाक्य माझं नसतं, खात्याचं असतं. तिथे पेजेचा प्रश्न मला सुचला नव्हता. सल्ल्यात 'पाणी टाकून द्या' असं लिहिलंय, आणि वाचणारा ते टाकणारच, असं मी धरून चालले होते. त्या मुलीसमोर मी चॅप्टरची बाई होते, खात्याची नव्हते, म्हणून सरळ म्हणाले, "माहीत नाही. मी याचा विचारच केला नाही. तू पाण्यातलं मोजशील का?"

पुढच्या वर्षीच्या प्रयोगासाठी तिला शिफारसपत्र हवं होतं. नोकरीच्या कामातून ओळख झालेली नसेल तर सरकारी हुद्दा घालून पत्र देता येत नाही. मी घरी, जेवणाच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर लिहिलं. खाली नाव आणि सिग्मा झाय, बस्स. सोबत तिला आमच्या पेजेची कृती द्यायची होती, म्हणून आईला फोन लावला.

"पाणी किती घालायचीस गं?"

"मोजून कोण घालतं? तांदळावर चार बोटं."

मी तसंच कळवलं: तांदळावर चार बोटं पाणी. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, एका ओळीचं.

"कोणाची बोटं?"